काचेचा शनिवार : आमच्या सोसायटीतील काच-संकलन सेवेचा दीड वर्षाचा अनुभव

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत गेल्या दीड वर्षापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आठ ते दहा या वेळात केवळ काच गोळा केली जाते. सोसायटीची व्यवस्थापन समिती, रोजचा कचरा नेणाऱ्या दोन कचरावेचक ताई आणि काचेच्या भंगाराचा घाऊक व्यापार करणारे एक गृहस्थ अशा तिघांनी मिळून ही सेवा चालवली आहे. त्यासाठी प्रत्येक घराकडून महिन्याला वीस रुपये घेतले जातात. शेजारच्या सोसायट्यांतून या व्यवस्थेविषयी वारंवार विचारणा होत असते, म्हणून तिच्यातले जे अनुभवाला आले ते गुणदोषांसह सविस्तर लिहीत आहे.

आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही मोबाइलवर नोंदणी करून सुका कचरा उचलणाऱ्या एका खासगी कंपनीची सेवा घेतली होती. कागद, प्लास्टिक आणि पत्रा यांचे ती पैसे देत असे आणि काच मोफत नेत असे. दोन-तीन महिने मी बाटल्या धुऊन, झाकणे काढून, खोक्यात नीट रचून देत होते. एके दिवशी सकाळी दूध आणायला कोपऱ्यावर गेले, तेव्हा त्याच टेम्पोवरचा माणूस आमची खोकी मिश्र कचऱ्याच्या गाडीत रिकामी करताना दिसला. खोक्यावर माझ्याच अक्षरात सदनिकेचा क्रमांक लिहिलेला होता, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. कंपनीला फोन केला तेव्हा ‘काचेला भाव नाही, मॅडम’ एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर खोटे नव्हते, पण ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. आपल्या दारातून गेलेली काच पुढे कुठे जाते हे जी सेवा सांगत नाही, तिला संकलन म्हणता येत नाही, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आणि येथेही मी तीच कसोटी लावली आहे.

काचेला भाव का नाही, हे मला नंतर आमच्या ताईंकडूनच समजले. फुटक्या काचेला किलोमागे जेमतेम एक-दोन रुपये मिळतात, तर वर्तमानपत्राच्या रद्दीला त्याच्या कित्येक पट. काच जड असते, पोत्यातून वाहताना पाठीला आणि पोटरीला लागते, आणि एक बाटली फुटली की सगळे पोते हात घालण्याजोगे राहत नाही. दिवसभरात जेवढे ओझे एका बाईला ओढता येते, तेवढ्यात काच घ्यायची की प्लास्टिक आणि पुठ्ठा, असा तो रोजचा हिशेब असतो, आणि त्यात काच मागे पडली तर दोष तिचा नाही. वास्तविक पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेच्या नावातच काच आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली जी संघटना उभी राहिली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे ठेवले गेले, यावरूनच या तीन वस्तूंचे त्यांच्या पोटापाण्याशी असलेले नाते कळते. पुढे याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी झालेल्या करारानंतर घरोघरचा कचरा घेण्याचे काम तिच्या सभासदांकडे आले. मधल्या काळात शीतपेय, सॉस, औषधे, तेल असे बरेच काही काचेतून प्लास्टिकमध्ये गेले. अख्ख्या बाटलीचे गिऱ्हाईक कमी झाले आणि फुटक्या काचेला तर कोणी वालीच उरला नाही.

आमच्या सेवेचे वेगळेपण येथून सुरू होते. येथे काच ‘मोफत नेली’ जात नाही, तर ती नेण्याच्या श्रमाचे पैसे आपण देतो. वीस रुपयांतील मोठा वाटा दोन्ही ताईंना मजुरी म्हणून मिळतो, उरलेला टेम्पोच्या भाड्याला जातो आणि काच विकून जे काही येते ते पूर्णपणे ताईंचे असते. सभेत काही सभासदांनी ‘भंगार आपण द्यायचे आणि वर पैसेही आपणच द्यायचे का’, असा प्रश्न विचारला होता. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तरही तितकेच सरळ आहे. ज्या वस्तूची किंमत तिच्या वाहतुकीलाही पुरत नाही, ती वस्तू कोणीतरी फुकट उचलावी अशी अपेक्षा धरली, की ती नदीकाठी, टेकडीवर नाहीतर मिश्र कचऱ्याच्या ढिगाऱ्यात जाते. वीस रुपयांत ती योग्य जागी पोहोचत असेल, तर मला हा व्यवहार महाग वाटत नाही.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखे असते. पार्किंगच्या एका कोपऱ्यात ताडपत्री अंथरून तिच्यावर तीन पोती, दोन प्लास्टिकचे क्रेट आणि एक पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. थोरल्या ताई प्रत्येक बाटली हातात घेऊन आधी तिच्या तोंडावरून अंगठा फिरवतात. टवका उडालेला असेल, तर जाड हातमोज्यातूनही त्यांना तो कळतो. मग बाटली मानेशी धरून बुडावर दुसऱ्या बाटलीने हलकेच टिचकी दिल्यासारखा ठोका देतात. निर्दोष बाटली खणखणते आणि तडा गेलेली बद्द वाजते. खणखणलेली बाटली क्रेटमध्ये जाते आणि बद्द वाजलेली पोत्यात. पोती रंगानुसार असतात : पांढऱ्या काचेचे वेगळे, तपकिरीचे वेगळे आणि हिरव्याचे वेगळे. धाकट्या ताई झाकणे आणि गळ्याभोवतीच्या धातूच्या कड्या काढून पत्र्याच्या डब्यात टाकतात. एका बाटलीला सात-आठ सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही, आणि तरीही घाई कुठेच दिसत नाही.

ही निवड नुसती टापटीप नव्हे, तर तिच्यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. अख्खी बाटली धुऊन पुन्हा भरता आली, तर ती वितळवावीच लागत नाही. बिअरच्या आणि शीतपेयांच्या जाड बाटल्या कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या जातात, तपासल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात. त्यामुळे काचेच्या बाबतीत पहिला मान पुनर्भरणाला आणि त्यानंतर पुनर्चक्रीकरणाला, हाच क्रम योग्य आहे, आणि आमची सेवा तो पाळते. पुष्कळ ठिकाणी सगळ्याच बाटल्या सरसकट फोडून टाकतात, म्हणजे जागा कमी लागते. हे गाडीभाड्याच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी काचेच्या दृष्टीने नुकसानीचे आहे, कारण बारीक तुकडे झाले की रंग वेगळे करणे जवळपास अशक्य होते. हिरव्या काचेत थोडा दुसरा रंग मिसळलेला चालून जातो, पण पांढऱ्या काचेला ती सवलत नाही. थोडीशी हिरवी किंवा तपकिरी काच पडली, तरी नव्या बाटलीला झाक येते आणि गिऱ्हाईक ती घेत नाही.

काय घेतले जात नाही, याविषयी सेवा कडक आहे आणि तसेच असावे असे माझे मत आहे. पहिल्याच महिन्यात मी ओव्हनमध्ये चालणारे एक तडकलेले काचेचे भांडे घेऊन गेले होते. ताईंनी ते उचलून पाहिले आणि परत दिले.

“काकू, हे नाही चालायचं.”

“का हो ताई? काचच आहे ना?”

“काच आहे, पण बाटलीची नाही. असा एक तुकडा जरी सापडला, तरी अख्खं पोतं माघारी येतं.”

कारण नंतर समजून घेतले. बाटल्या आणि बरण्यांची काच वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी यांपासून बनते आणि ती एका ठरावीक तापमानाला वितळते. ओव्हनच्या भांड्याची काच वेगळ्या घडणीची असल्यामुळे त्याच भट्टीत ती पूर्ण विरघळत नाही. चिनी मातीची कपबशी किंवा बरणीचा तुकडा तर मुळीच वितळत नाही, तो दगडासारखा नव्या बाटलीच्या अंगात अडकून राहतो आणि नेमकी त्याच ठिकाणी बाटली तडकते. आरशाच्या पाठीवर लेप असतो. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो आणि २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी तिची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती, त्यामुळे ती काचेच्या पोत्यात टाकणे म्हणजे निवडणाऱ्या बाईच्या जिवाशी खेळणे आहे. प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर ही यादी समितीने चित्रांसह लावली आहे. भट्टीतली ही कारणेही तिथे दोन ओळींत लिहिली, तर लोक अधिक मनापासून पाळतील, असे मी समितीला सुचवले आहे.

सहा महिन्यांपूर्वी आम्ही चार सभासद त्या व्यापारी गृहस्थांचे गोदाम पाहून आलो. आधीच्या कंपनीचा अनुभव गाठीशी असल्याने हा आग्रह माझाच होता, आणि त्यांनी तो आनंदाने मान्य केला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. महामार्गापलीकडच्या त्या मोकळ्या आवारात काचेचे तीन डोंगर होते. सकाळच्या तिरप्या उन्हात तपकिरी ढीग गुळाच्या राशीसारखा दिसत होता. एका बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये अख्ख्या बाटल्या आकारानुसार रचलेल्या होत्या. खंबा वेगळा, क्वार्टर वेगळी, बिअरची वेगळी, सरबताची वेगळी. ज्या बाटलीवर कंपनीचे नाव काचेतच उठवलेले असते, ती त्याच कंपनीकडे परत जाऊ शकते, म्हणून तिची रास स्वतंत्र होती. विदेशी मद्याच्या महागड्या बाटल्यांची लेबले खरवडून मगच त्या पुढे दिल्या जातात, कारण लेबलासह अख्खी बाटली चुकीच्या हाती गेली तर तिच्यात बनावट दारू भरली जाते. आमच्या सोसायटीतही आता अशी लेबले घरीच ओली करून काढावीत, अशी सूचना आहे. वजनकाट्यावर आमची पोती आमच्यासमोर तोलली गेली आणि वजनाची चिठ्ठी हाती मिळाली.

फुटकी काच तेथून काच कारखान्यात जाते. तिला या धंद्यात ‘कलेट’ म्हणतात आणि भट्टीला ती हवीच असते. वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र वितळवायला सुमारे पंधराशे अंश सेल्सिअस तापमान लागते, पण त्यात कलेट मिसळली की मिश्रण लवकर वितळते. मालातील कलेटचे प्रमाण दर दहा टक्क्यांनी वाढवले, की ऊर्जेची गरज साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी उतरते. शिवाय सोडा अ‍ॅश आणि चुनखडी तापताना जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो कलेटमधून पडत नाही, कारण ते सगळे पहिल्या वितळण्यातच होऊन गेलेले असते. एक टन कलेट साधारण १.२ टन कच्च्या मालाची जागा घेते. काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस उतरत नाही. कागदाचा तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतो आणि प्लास्टिकचा दर्जा घसरतो, काचेचे तसे होत नाही. असे असताना आपण ती मातीत पुरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे वाईट वाटण्यामागे थोडे आमच्या मुलखाचेही कारण आहे. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून काच कारखाना निघाला होता. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले काच कारखाना होता आणि तेथील प्रभाकर कंदील महाराष्ट्रातल्या घरोघरी टांगलेला असे. माझी आजी त्याची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायची आणि तडा गेलेली काचसुद्धा फेकत नसे, ती आडोशाला पणतीभोवती उभी करायची. बांगडी फुटली असेही तिने कधी म्हटले नाही, बांगडी ‘वाढवली’ म्हणायची. काच हातची जाऊ न देण्याची ही सवय आपल्या घरांतून दोन पिढ्यांत नाहीशी झाली आहे.

आता सेवेतील उणिवा. सर्वांत मोठी उणीव वेळेची आहे. महिन्यातून एकदाच आणि तेही दोनच तास, यामुळे शनिवारी कामावर जाणाऱ्यांची काच साठत राहते आणि अखेर एखाद्या रात्री ती गुपचूप सुक्या कचऱ्याच्या डब्यात जाते. त्याचा त्रास पुन्हा त्याच ताईंना होतो, कारण दुसऱ्या दिवशी त्या डब्यात हात त्यांनाच घालावा लागतो. पार्किंगमध्ये झाकणाचे तीन भक्कम पिंप कायमचे ठेवले, तर हा प्रश्न सुटेल. समितीने जागेचे कारण सांगून तो विषय दोनदा पुढे ढकलला आहे, आणि येथे समितीचे चुकते आहे असे मला स्पष्टपणे वाटते. दोन चारचाकींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात हे पिंप सहज मावतात.

दुसरी उणीव ज्येष्ठांच्या सोयीची. आमच्या इमारतीत लिफ्ट असली, तरी जड पिशवी पार्किंगच्या टोकापर्यंत नेणे सत्तरी उलटलेल्यांना जमत नाही. मागणी केल्यास दारातून काच घेतली जाते, पण त्यासाठी आदल्या दिवशी सांगावे लागते आणि हे पुष्कळांना ठाऊकच नाही. तिसरी गोष्ट हातमोज्यांची. सुरुवातीला दिलेले मोजे सहा महिन्यांत झिजले आणि नवे यायला पुढे दोन महिने लागले. त्या काळात धाकट्या ताईंच्या तळहाताला काच लागून तीन टाके पडले. उपचाराचा खर्च सोसायटीने दिला, परंतु मोजे वेळेवर दिले असते तर ती वेळच आली नसती. आता दर चार महिन्यांनी मोजे बदलण्याचा ठराव झाला आहे आणि बूटही द्यावेत, अशी माझी मागणी आहे.

आणखी एक अडचण कोणी उघडपणे बोलत नाही. दारूच्या बाटल्या सर्वांसमोर आणून देण्याचा अनेकांना संकोच वाटतो. मग त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, एकावर एक कोंबून, गाठ मारलेल्या काळ्या पिशवीत येतात आणि त्यातली एखादी हमखास फुटलेली असते. उघडताना कोणत्या बाजूला धार आहे, हे बाहेरून कळत नाही. थोरल्या ताईंनी एकदा फार शांतपणे सांगितले, “आम्ही कोणाच्या बाटल्या ते बघत नाही हो काकू, फुटलेली आहे का तेवढंच बघतो.” त्यानंतर समितीने आठ वाजण्यापूर्वी क्रेट ठेवून देण्याची सोय केली, ज्यात कोणीही येऊन बाटल्या उभ्या ठेवून जावे. त्या एका बदलाने काळ्या पिशव्या निम्म्याने कमी झाल्या.

ही सेवा आणखी किती काळ चालेल, याची मात्र मला काळजी वाटते. वीस रुपये देणारी सोसायटी काच सोडवू शकते, पण ज्या वस्तीत असे पैसे जमत नाहीत, तेथील काचेचे काय? तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ पासून निलगिरी जिल्ह्यात सरकारी दुकानातील दारूच्या प्रत्येक बाटलीवर दहा रुपये अनामत घेतली जाऊ लागली आणि बाटली परत केली की ती परत मिळू लागली. जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायात घुसत होत्या, हे त्यामागचे कारण होते. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. आमच्याकडे गडावर जाणारी मुले पोतीच्या पोती भरून फुटक्या बाटल्या खाली आणतात. दहा रुपये मिळत असते, तर त्यांतल्या बहुतेक बाटल्या गडावर राहिल्याच नसत्या. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. जो बाटली विकतो त्याने ती परत घेण्याचा खर्चही उचलावा, हे तत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र तो पैसा पोते उचलणाऱ्या बाईपर्यंत पोहोचला नाही, तर काच पुन्हा मिश्र कचऱ्याच्या गाडीतच जाईल.

एकंदरीत, आजवर वापरलेल्या तीन-चार सेवांत मी हिला निःसंशय वरचे स्थान देते. काच कुठे जाते ते कळते, वजनाची चिठ्ठी फळ्यावर लागते, श्रमाचे पैसे दिले जातात आणि अख्खी बाटली अख्खी राहते.

ज्यांना आपल्या सोसायटीत ही सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. बरणी चकचकीत घासायची गरज नाही, ताक किंवा लोणच्याचा खार निघेल इतपत विसळली तरी पुरते. भांडी धुतल्यानंतरचे पाणी त्यासाठी वापरावे. महागड्या विदेशी मद्याच्या बाटल्या सोडल्या, तर कागदी लेबल राहिले तरी चालते, पण झाकण काढलेच पाहिजे. फुटकी काच वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फुटकी काच’ असे लिहावे, आणि खोके हातात देताना तोंडानेही सांगावे. पाहायला यायचे असेल, तर दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास यावे. त्या वेळी निवडीचे काम ऐन भरात असते आणि साडेनऊला टेम्पो भरायला सुरुवात होते.